ऊद मेथा : नोकरीच्या गावातले बालपण

ऊद मेथा ही दुबई शहराच्या बर दुबई बाजूची, खाडीच्या पश्चिमेकडची वस्ती आहे. करामा, उम्म हुरैर आणि झाबील हे तिचे शेजारी. पलीकडे वाफी मॉल आणि २००२ साली स्थापन झालेली दुबई हेल्थकेअर सिटी लागते. वस्ती फार मोठी नाही. तेवढ्या जागेत शाळा, रुग्णालये, चर्च, निरनिराळ्या देशांच्या लोकांचे क्लब, फुटबॉलचे मैदान आणि बर्फावर स्केटिंग करण्याचा हॉल अशा संस्था एकमेकींना लागून उभ्या आहेत. दुबईत कामाला आलेल्या भारतीय, पाकिस्तानी, इराणी आणि फिलिपिनो कुटुंबांतल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या याच संस्थांच्या आवारात वाढल्या. त्यांत मुंबई, पुणे, कोकण आणि गोव्याकडून आलेल्या घरांतली मुलेही होती. आईवडिलांच्या नोकरीसाठी वसलेल्या गावात मुलांचे बालपण कसे घडते, हे समजून घ्यायला ऊद मेथासारखी दुसरी जागा दुबईत नाही.

कामासाठी वसलेली गावे

एखाद्या उद्योगामुळे गाव उभे राहते, माणसे लांबून येतात, संसार थाटतात आणि त्यांची मुले त्या गावाला आपले म्हणू लागतात. याचे जुने आणि ठळक उदाहरण म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड परगण्यांतली कोळसा-खाणींची गावे. तिथे घर बहुधा खाण कंपनीचे असे. काम सुटले, अपघातात कर्ता पुरुष गेला किंवा वय झाले, की घरही सोडावे लागे. म्हाताऱ्या कामगारांचे हाल थांबावेत म्हणून डरहॅमच्या खाणकामगारांनी १८९८ मध्ये स्वतः वर्गणी काढून निवृत्तांसाठी घरे बांधायची संस्था स्थापन केली. १९२० च्या कायद्याने उत्खनन केलेल्या दर टन कोळशामागे एक पेनी कामगार-कल्याणासाठी बाजूला पडू लागली आणि त्या निधीतून सभागृहे, वाचनालये, खेळाची मैदाने, खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे बांधली गेली. तिथे लहानाचे मोठे झालेल्यांच्या आठवणींत घराइतकीच ही सभागृहे, प्रार्थनामंदिरे आणि बँडपथके येतात. घर मालकाचे असले तरी या जागा गावाच्या होत्या. पुढे खाणी बंद पडू लागल्यावर डरहॅम परगण्याच्या १९५१ च्या विकास आराखड्यात शंभराहून अधिक गावे 'ड' वर्गात टाकली गेली. या गावांवर यापुढे पैसा खर्च करायचा नाही, असा त्याचा अर्थ होता. काम संपले की गावही संपते, हे तिथल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

महाराष्ट्रात याच्या जवळचे चित्र चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या कोळसापट्ट्यात दिसते. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, उमरेड ही नावे विदर्भात खाणींशी जोडलेली आहेत. १९७३ मध्ये कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १९७५ पासून नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या खाणी चालवू लागली. कंपनीचे क्वार्टर, कंपनीचा दवाखाना, पाळीचा भोंगा आणि वडील निवृत्त झाल्यावर क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस, हा तिथल्या बालपणाचा ठरलेला क्रम.

दुबईत जमिनीखालून निघाले ते तेल. १९६६ मध्ये समुद्रातल्या फतेह क्षेत्रात ते सापडले आणि १९६९ मध्ये पहिली निर्यात झाली. पण दुबईत माणसे आली ती मुख्यतः तेलविहिरींवर काम करायला नव्हे, तर तेलाच्या पैशातून उभे राहणारे शहर बांधायला आणि चालवायला : बंदर, रस्ते, बँका, दवाखाने, दुकाने. १९६८ च्या शिरगणतीत दुबईची लोकसंख्या सुमारे ५९ हजार होती. १९७५ मध्ये ती १ लाख ८३ हजारांवर गेली. भारतीयांना हा मुलूख परका नव्हता. १९६६ पर्यंत इथे रुपया चालत होता आणि ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट मुंबईहून कराची, मस्कत करत दुबईला येई. या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका' १९८२ मध्ये सेवेतून गेली. आधी एकटे पुरुष आले. पगार जरा वाढला, घरभाडे झेपेल असे वाटले, की बायकामुलांना बोलावून घेतले जाई. मुले आली आणि शाळेचा प्रश्न उभा राहिला.

जमीन आणि संस्था

ऊद मेथाचे आजचे रूप ज्या एका धोरणातून घडले ते शेख रशीद बिन सईद अल मक्तुम यांचे. १९५८ ते १९९० या काळात ते दुबईचे शासक होते. बाहेरून आलेल्या समाजांना शाळा, प्रार्थनास्थळे आणि क्लब उभारण्यासाठी त्यांनी जमिनी दिल्या. त्यांतल्या अनेक जमिनी त्या वेळच्या शहराच्या कडेला, वाळूच्या मोकळ्या माळावर, म्हणजे आजच्या ऊद मेथाच्या परिसरात होत्या. परक्या माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेण्याची सोय त्या काळी नव्हती. एकट्याला जे मिळणे शक्य नव्हते ते संस्थेला मिळाले. भाड्याच्या घरांतून आणि नोकऱ्यांतून सतत हलणाऱ्या लोकांना त्यामुळे हक्काची एक स्थिर जागा लाभली.

सेंट मेरीज कॅथलिक चर्च १९६७ मध्ये उभे राहिले. संख्या वाढत गेल्याने १९८९ मध्ये त्याच्या जागी मोठी इमारत आली. चर्चला जोडून १९६८ मध्ये शाळा सुरू झाली. इथे इंग्रजीबरोबर मल्याळम, तमिळ, टागालोग, अरबी, कोंकणी अशा अनेक भाषांत प्रार्थना होतात. बारदेस-सासष्टीतून आलेल्या गोंयकार घरांतल्या मुलांच्या कानावर घराबाहेरची, समुदायाची कोंकणी पडली ती इथे. जवळच अँग्लिकन पंथाचे होली ट्रिनिटी चर्च आहे आणि त्याच्या आवारात इतर अनेक पंथांचे लोक वेळा वाटून घेऊन जमतात. १९६४ मध्ये स्थापन झालेला इंडिया क्लब, इराणी क्लब, पाकिस्तान असोसिएशन हेही याच परिसरात. अल नस्र हा १९४५ मध्ये सुरू झालेला जुना फुटबॉल क्लब आणि त्याचे अल मक्तुम स्टेडियम इथलेच.

इंडियन हायस्कूल

या सगळ्यांत भारतीय मुलांच्या दृष्टीने मोठी संस्था म्हणजे इंडियन हायस्कूल. दुबईतल्या या सर्वांत जुन्या भारतीय शाळेची स्थापना १९६१ मध्ये, म्हणजे तेल सापडण्याच्या पाच वर्षे आधी झाली. खाडीकाठच्या भारतीय व्यापाऱ्यांनी आणि नोकरदारांनी मूठभर मुलांसाठी सुरू केलेली ही शाळा पुढे ऊद मेथात, शासकांनी दिलेल्या जमिनीवर गेली आणि हजारो विद्यार्थ्यांची झाली. शाळेच्या सभागृहाला शेख रशीद यांचेच नाव आहे. दुबईतल्या बहुतेक खासगी शाळा कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. इंडियन हायस्कूल मात्र विश्वस्तांकरवी, नफा न घेता चालते. मध्यम पगाराच्या घरांना तिचा आधार वाटत आला तो त्यामुळे. पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जात असताना दोन मुलांची फी भरता येते की नाही, यावर कुटुंब दुबईत ठेवायचे की गावी पाठवायचे हा निर्णय अनेक घरांत ठरत असे.

शाळा भारताच्या केंद्रीय मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा अभ्यासक्रम शिकवते. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मधली मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, उन्हाळा ऐन भरात असताना पडते. पुस्तकांत गंगा, गोदावरी, पानिपत आणि पंचायत राज. जोडीला अमिरातीच्या नियमाप्रमाणे अरबी भाषा. रमजानमध्ये शाळेचे तास कमी होतात आणि दोन डिसेंबरला, अमिरातींच्या १९७१ मधल्या स्थापनेच्या दिवशी, मुले लाल-हिरव्या-पांढऱ्या-काळ्या रंगांत सजून येतात. पंधरा ऑगस्ट मोठ्या सुट्टीत येत असला तरी त्या दिवशीही झेंडावंदन होते. दोन्ही राष्ट्रगीते तोंडपाठ असलेली ही मुले असतात. आठवड्याची सुट्टी पूर्वी गुरुवार-शुक्रवार होती, २००६ पासून शुक्रवार-शनिवार झाली आणि जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार. रविवारी सकाळी दप्तर घेऊन निघणे ही आखातात वाढलेल्या कित्येक पिढ्यांची रोजची गोष्ट होती. भारतातल्या चुलत-मावस भावंडांना त्याचे मोठे नवल वाटे.

शाळेचा दिवस पहाटे बसपासून सुरू होतो. शारजा, अल नहदा, कुसैस अशा भाडे कमी असलेल्या भागांतून मुले येतात. शारजाकडच्या रस्त्याची कोंडी टाळायची तर उजाडण्यापूर्वी निघावे लागते. इमारतीखाली डबा, पाण्याची मोठी बाटली आणि ओळखपत्र गळ्यात घालून मुले रांगेत उभी असतात. पिवळी बस थांबली की तिच्या कुशीतून 'थांबा' लिहिलेली लाल पाटी बाहेर येते आणि आजूबाजूच्या गाड्यांना थांबावेच लागते; न थांबणाऱ्या चालकाला हजार दिरहम दंड होतो आणि परवान्यावर दहा काळे गुण पडतात. आत लहान मुलांना बसवून पट्टे लावणारी मदतनीस असते. बस सुटल्यावर पुढच्या रांगेतली लहान मुले पुन्हा झोपी जातात आणि मागच्या बाकांवर राहिलेला गृहपाठ पुरा केला जातो. एकाच बसमध्ये मल्याळम, तमिळ, गुजराती, सिंधी, मराठी बोलणारी मुले असल्याने आपसातली भाषा हिंदी आणि इंग्रजी यांचे मिश्रण असते आणि मराठी मुलालाही चार मल्याळम शब्द हटकून येतात.

घर

घर ऊद मेथात, करामात किंवा आणखी दूर, पण बहुधा भाड्याच्या फ्लॅटमध्ये. जुन्या काळी दोन कुटुंबे एक फ्लॅट वाटून घेत : एकेक खोली प्रत्येकाची, स्वयंपाकघर दोघांचे. ओट्यावर कोणी कधी स्वयंपाक करायचा याच्या वेळा ठरलेल्या असत आणि शेजारच्या खोलीतली मावशी सख्ख्या मावशीइतकीच जवळची होऊन जाई. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की थंडचा नळ सोडला तरी हात पोळतो. त्यावर घरोघरी एकच उपाय : मे महिना लागला की गीझर बंद करायचा. न्हाणीघरातल्या गीझरच्या भांड्यात पाणी सावलीत राहून निवते, म्हणून आंघोळीला गरम पाणी थंडच्या नळातून आणि थंड पाणी गरमच्या नळातून घ्यायचे. आखातात वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

खेळायला संध्याकाळी इमारतीमागचे पार्किंग आणि दोन इमारतींमधला वाळूचा रिकामा तुकडा. गाडीच्या काचेला चेंडू लागला की आउट, असले नियम तिथलेच. उन्हाळ्यात तेही शक्य नसते. म्हणून १९७९ मध्ये ऊद मेथात उघडलेले अल नस्र लेझरलँड मुलांना स्वर्गासारखे वाटले. बाहेर डांबर मऊ करणारे ऊन आणि आत बर्फाचे पांढरे मैदान. भाड्याचे स्केटिंगचे बूट घट्ट आवळून, कडेचा कठडा धरून पहिली फेरी मारायची आणि कोपर-गुडघे ओले करून घरी यायचे. ज्यांनी महाबळेश्वरपेक्षा थंड जागा पाहिली नव्हती अशा घरांतल्या मुलांचा बर्फाशी पहिला संबंध असा वाळवंटात आला. याच आवारात हिंदी चित्रपटांतल्या गायक-कलाकारांचे मोठे कार्यक्रमही होत. १९९७ मध्ये उघडलेला लॅम्सी प्लाझा, त्यातला धबधबा आणि लंडनच्या टॉवर ब्रिजची प्रतिकृती, हेही त्या पिढीच्या शुक्रवार संध्याकाळचे ठिकाण होते. २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर ते बंद झाले.

आजारपण आणि जन्म यांच्याशीही ऊद मेथा जोडलेले आहे. रशीद रुग्णालय १९७३ मध्ये सुरू झाले. स्त्रिया आणि बालकांसाठीचे अल वस्ल रुग्णालय, आताचे लतीफा रुग्णालय, याच बाजूला आहे. अमेरिकन हॉस्पिटल १९९६ चे. इथे जन्मलेल्या भारतीय मुलाच्या दाखल्यावर जन्मगाव दुबई असते आणि पासपोर्ट भारताचा. जन्माने इथले नागरिकत्व मिळत नाही.

मराठीपण

मराठी घरांची संख्या मल्याळी किंवा सिंधी घरांइतकी नव्हती. त्यामुळे मराठी मुलाला वर्गात मराठी बोलणारा सोबती सापडेलच असे नसे. ती उणीव महाराष्ट्र मंडळाने भरून काढली. गणपती, दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू, नाटके आणि बालनाट्ये क्लबांच्या आणि शाळांच्या सभागृहांत होत राहिली. गणपतीची छोटी मूर्ती आणि पूजेचे सामान बर दुबईच्या जुन्या बाजारातल्या 'हिंदी लेन'मध्ये मिळे. १९५८ पासूनचे शंकराचे आणि कृष्णाचे मंदिर त्याच गल्लीला लागून होते. २०२२ मध्ये जबल अली इथे मोठे मंदिर झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये शंकराचे मंदिरही तिकडे हलले. विसर्जन अनेक घरी बादलीत होई आणि ते पाणी कुंडीतल्या तुळशीला घातले जाई. १९८४ मध्ये महादेव दातार यांनी दुबईत किराणा दुकान काढले. त्यातून वाढलेल्या 'अल आदिल'च्या दुकानांत मराठी स्वयंपाकाला लागणारी पिठे आणि मसाले मिळू लागले आणि गावाहून आणायच्या सामानाचे ओझे कमी झाले. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मराठी वर्गांत स्वयंसेवक आया मुलांना बाराखडी गिरवायला लावत. २०१० मध्ये मंगेश पाडगावकर यांच्या अध्यक्षतेखाली विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईत भरले, तेव्हा या मुलांना पुस्तकात नाव वाचलेले कवी समोर पाहता आले.

व्हिसा

या बालपणाच्या तळाशी व्हिसा असतो. कुटुंबाचा व्हिसा वडिलांच्या किंवा आईच्या नोकरीवर चालतो. कुटुंब आणण्यासाठी महिना चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहायची सोय, अशी अट आहे. नोकरी सुटली की व्हिसा रद्द होई आणि पूर्वी जेमतेम ३० दिवसांत दुसरी नोकरी शोधावी किंवा देश सोडावा लागे. २००८-०९ च्या मंदीत आणि २०२० च्या साथीत अनेक वर्गांतले बाक असे अचानक रिकामे झाले. घरातल्या मोठ्यांचे दबक्या आवाजातले बोलणे, सामानाच्या पेट्या, मित्राचा निरोप घेण्यापूर्वीच सुटलेले विमान, हा अनुभव आखातातल्या मुलांना खाणगावातल्या मुलांइतकाच ठाऊक आहे.

दुसरा उंबरठा वयाचा. मुलगा १८ वर्षांचा झाला की तो आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नसे. शिक्षण चालू असल्यास मुदत वाढवून मिळे. अविवाहित मुलीला वयाची अट नव्हती. त्यामुळे बारावी म्हणजे शाळा आणि शहर दोन्ही सोडण्याची वेळ असे. जन्मापासून दुबईत राहिलेली मुले पुणे, मणिपाल, वेल्लोर, बंगळूरला शिकायला जात आणि तिथे 'परदेशातून आलेली' ठरत. एनआयटींच्या परदेशस्थ प्रवेश योजनेत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आणि भारतातल्या विद्यार्थ्यांइतकी फी ठेवलेली आहे. पालकांच्या श्रमाची ती एक पावती आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी मात्र २०२१ पर्यंत भारतात यावे लागे. त्या वर्षी दुबईत प्रथमच केंद्र मिळाले आणि ते इंडियन हायस्कूलमध्ये होते.

अलीकडे नियम सैल झाले आहेत. २०१९ पासून दीर्घ मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' मिळू लागला. २०२० मध्ये ५५ वर्षांपुढच्या निवृत्तांना दुबईत राहण्याची योजना आली. ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकतो आणि नोकरी गेल्यावरची मुदतही वाढली आहे. डरहॅमच्या कामगारांना निवृत्तीनंतरच्या घरासाठी वर्गणी काढून संस्था उभारावी लागली होती. इथे तो बदल शासनाच्या नियमांतून, उशिरा आणि ऐपतीनुसार येतो आहे. मोठा पगार किंवा मालमत्ता असणाऱ्यांना त्याचा लाभ आधी पोहोचतो. कारकून, तंत्रज्ञ, परिचारिका यांच्या घरांतल्या मुलांचे राहणे अजूनही नोकरीच्या करारालाच बांधलेले आहे.

आजचे ऊद मेथा

९ सप्टेंबर २०११ रोजी मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाली आणि ऊद मेथाला स्थानक मिळाले. ज्या संस्था गावाच्या कडेला वाळूत उभ्या राहिल्या होत्या त्या आता शहराच्या मधोमध आल्या आहेत. दुबईची वस्ती ३६ लाखांच्या पुढे गेली असून शहराच्या उत्पन्नात तेलाचा वाटा नाममात्र उरला आहे. उत्तर इंग्लंडमध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा काही गावेही ओस पडली. दुबईने १९९१ मध्ये तेलाचे शिखर गाठले आणि त्यानंतर बंदर, विमानतळ, व्यापार, पर्यटन यांवर शहर अधिक वाढवले, म्हणून इथल्या शाळा ओस पडल्या नाहीत.

त्याचबरोबर इथे शिकलेली पिढी आता स्वतःची मुले याच शाळांत घालू लागली आहे. वडील नोकरीसाठी आले, मुलगी ऊद मेथात शिकली, भारतात पदवी घेऊन स्वतःच्या व्हिसावर परत आली आणि तिचा मुलगा त्याच आवारात पहिलीत बसला, अशी कुटुंबे दुबईत भेटतात. त्यांच्याकडे इथले नागरिकत्व नाही आणि अनेकांचे घरही भाड्याचे आहे. तरीही साठ वर्षे टिकलेली शाळा, क्लब, चर्च आणि मंडळ यांच्यामुळे त्यांच्या बालपणाला कायमचा पत्ता मिळाला आहे. ज्यांनी या संस्थांना जमीन दिली, ज्यांनी वर्गणी काढून त्या बांधल्या आणि ज्या शिक्षकांनी, परिचारिकांनी, बसचालकांनी त्या चालवल्या, त्यांचे हे काम आखाताच्या इतिहासात उंच इमारतींच्या बरोबरीने नोंदले जायला हवे.